रडण्याआधीची भूक

मित्रा नावाच्या तान्ह्या लेकीला दूध पाजायचं म्हणजे घरात रोज एक लहानसं युद्धच व्हायचं. पोरगी साडेतीन महिन्यांची, वजनाने झकास, गालाला खळी, आणि रडणं मात्र असं की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी त्यात बुडून जावी. भाग्यश्री तिला मांडीवर घ्यायची तोवर ती लालबुंद झालेली असायची. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या. दूध तोंडात आलं की आधाशासारखी गटागटा ओढायची, मध्येच ठसका लागायचा, मग पाठ ताणून सोडून द्यायची आणि पुन्हा सूर लावायची. कसंबसं पिऊन झालं की पोट ढोलकीसारखं तट्ट. मग गॅस, मग परत रडणं. शेवटी मायलेकी दोघी घामाघूम होऊन एकमेकींकडे बघत बसायच्या.

सल्ल्यांची काही वाण नव्हती. भोसरीतल्या त्या जुन्या चार मजली इमारतीत प्रत्येक दारामागे एक तज्ज्ञ राहत होता. कुणी बेंबीभोवती हिंगाचा लेप सांगितला, कुणी ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, कुणी घुटीची बाटलीच आणून हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, वजन बघून आईला शाबासकी दिली, आईच्या दुधाशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही, घुटी तर नाहीच, असं बजावलं, आणि पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढायला सांगितलं. भाग्यश्री ते सगळं इमानेइतबारे करत होती. हिंगही लावून झाला होता. त्याने पोरीला फरक पडला नाही, घराला मात्र फोडणीचा वास लागला.

पोरीच्या रडण्याने आईचा जीव कासावीस होणारच, पण भाग्यश्रीला खरा घोर होता तो येत्या सोमवारचा. चाकणला एका कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर ती कामाला होती. कित्येक वर्षं ठेकेदाराकडे काढल्यावर मागच्या वर्षी ती पर्मनंट झाली होती. त्या पट्ट्यात ‘पर्मनंट’ हा शब्द लोक कसा उच्चारतात ते ज्याने ऐकलं असेल त्याला पुढे काही सांगायला नको. बाळंतपणाच्या सुट्टीचा मोठा भाग डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीत आधीच गेला होता. आता येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा सोडायची. आणि एकदा सोडली की पुन्हा ठेक्याच्या रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभं राहायचं.

खरं तर सगळं ठरलेलं होतं. भाग्यश्रीची आई कस्तुरा उदगीरहून आली होती ती वर्षभर राहण्याच्याच तयारीने. पण तिकडे वडील न्हाणीत पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि कस्तुरा डोळे पुसत एसटीत बसली. नवरा नागसेन भोसरीतच सीएनसी मशीनवर, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलणारी. कंपनीच्या पाळणाघरात सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नव्हते. सासूबाई, प्रभावती, भाग्यश्री या घरात येण्याआधीच गेलेल्या.

तरीही भाग्यश्री हात टेकणारी बाई नव्हती. लाइनवर काम केलेलं डोकं तिचं. तिने विचार केला, कंपनीत दूध काढायला आपल्याला सुट्टीतच वेळ मिळणार. मग पोरीला आत्तापासूनच तेच वेळापत्रक लावावं. बस निघायच्या आधी एकदा, सकाळच्या चहाला एकदा, मग जेवणाच्या सुट्टीत, मग दुपारच्या चहाला. मध्ये कुरकुरली तर थोपटायचं, फिरवायचं, खुळखुळा वाजवायचा, पण पाजायचं ते वेळेलाच. नागसेनला ही कल्पना इतकी पसंत पडली की त्याने भिंतीवरच्या घड्याळात नवीन सेल घातला. साडेतीन महिन्यांच्या बाळाला जनरल शिफ्टला लावायचं, हे शिफ्टवर जगणाऱ्या घरालाच सुचू शकतं.

आता राहता राहिले ज्ञानदेव. नागसेनचे वडील. त्यांना घरात कुणी मोजत नव्हतं असं म्हणणं बरोबर नाही. चहा पहिला त्यांना मिळायचा, बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा त्यांचाच असायचा. फक्त पोरीच्या बाबतीत त्यांना कुणी धरत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. सगळी उमर त्यांनी प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर काढली होती. त्या दणक्यांनी एक कान पुरता गेला होता आणि दुसरा जवळजवळ गेल्यात जमा होता. नागसेनने हौसेने आणलेलं ऐकण्याचं मशीन कपाटात पडलं होतं, कारण त्यातून जगभराचा कचरा कानात येतो अशी त्यांची तक्रार होती. टीव्ही आवाज बंद करून बघायचे आणि बातम्या देणाऱ्यांवर मनापासून चिडायचे. स्वतः बोलायचे ते मात्र अजून मशीन चालूच आहे अशा आवाजात. त्या आवाजाने मित्रा दचकायची, म्हणून भाग्यश्री तिला आतल्या खोलीतच ठेवायची.

त्यात त्यांना मध्ये मध्ये बोलायची खोड. पोरगी अगदी शांत पडलेली असताना दारातून डोकावून म्हणायचे, "भुकेजलीया ती." भाग्यश्री घड्याळाकडे बोट दाखवून मान हलवायची की अजून वेळ आहे, मामा. ते खांदे उडवून परत खुर्चीत. थोड्या वेळाने रडण्याचा भोंगा सुरू व्हायचाच. पण रडणारं पोर रडतंच, त्यात मामांनी काय मोठं सांगितलं, असं तिला वाटायचं. खरं सांगायचं तर जरा रागही यायचा.

सोमवारचा प्रश्न जेवताना निघाला तेव्हा ज्ञानदेवांनी दोघांच्या तोंडाकडे बघून विषय ओळखला आणि म्हणाले, "मी हाय की." मग नागसेनने वडिलांना दिसेल असं, हळू आणि ठसठशीत बोलून सांगितलं की दादा, ती रडली तर तुम्हाला कळणार कसं. ज्ञानदेवांनी ताटात हात धुतला आणि उठून गेले. वाईट भाग्यश्रीलाही वाटलं, पण आईचं मन वाईट वाटण्यावर चालत नाही. कान नसलेल्या माणसाच्या हवाली तान्हं मूल करायचं, हे तिला पटेना.

वाट काढली ती खालच्या रहमतबींनी. रहमतबी म्हणजे इमारतीतली सगळ्यात जुनी भाडेकरू, मोईज गॅरेजवाल्याची आई. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे पोर उचलून फिरवणं त्यांना जमणारं नव्हतं, पण कान शाबूत होते, आणि मित्राचं रडणं तर त्यांच्या स्वयंपाकघरात रोज न बोलावता यायचं. त्यांनी सांगितलं, हात बुढ्याचे आणि कान माझे. पोरगी रडली की मी जिना चढून येते आणि त्याला सांगते. कामाची अशी वाटणी भाग्यश्रीनेही कधी ऐकली नव्हती. पण दुसरा मार्ग नव्हता.

शुक्रवारी परीक्षा ठरली. रुजू होण्याआधीच्या तपासणीसाठी भाग्यश्रीला कंपनीत जायचंच होतं. पंपाने काढलेलं दूध तिने लहान लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं, वाटी-चमचा उकळून झाकून ठेवला, गरम पाण्याच्या भांड्यात डबा कोमट कसा करायचा ते मामांना दोनदा करून दाखवलं. घड्याळावरच्या वेळा बोटाने दाखवल्या. मामांनी सगळ्याला मान डोलावली, आणि जास्त मान डोलावणाऱ्या माणसाची जशी धास्ती वाटते तशी तिला वाटली. बसमध्ये बसताना तिने मनाशी पक्कं केलं: आज जर पोरीचे हाल झाले, तर तिथल्या तिथे सायलीला सांगून टाकायचं की मी येत नाही. सायली तिची लाइन लीडर. तिने जागा धरून ठेवायला वरच्यांशी भांडण घेतलं होतं, तिला अंधारात ठेवणं बरं नव्हतं.

तपासणी आटोपली, सायलीबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घेतला, लाइनवरच्या बायकांनी पोरीचे फोटो बघून बोटं कडाकडा मोडली. भाग्यश्रीचं निम्मं लक्ष पर्समधल्या फोनकडे. फोन वाजला तो रहमतबींचा.

"बेटी, घाबरू नको," रहमतबी म्हणाल्या, "पण सकाळपासून वर आवाजच नाही. एकदा पण रडली नाही पोरगी. मी जाऊन दार वाजवलं, आतून कडी आहे. बुढ्याला ऐकू येत नाही."

भाग्यश्रीच्या तोंडचं पाणी पळालं. जी पोरगी सकाळच्या चहाच्या वेळेआधी एकदा आणि जेवणाच्या आधी एकदा इमारत डोक्यावर घेते, ती गप्प कशी? नागसेनला फोन लावला, पण शिफ्टवर असताना त्याचा फोन लॉकरमध्ये. मामांचा फोन वाजत राहिला. तो नेहमीसारखा फ्रीजवर पडला असणार. सायलीने तिला गेटपर्यंत आणून शेअर रिक्षात बसवलं. चाकणपासून भोसरीपर्यंत भाग्यश्रीच्या मनात जे जे आलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. दूध श्वासात गेलं असेल, गोधडी तोंडावर आली असेल, मामांना काही झालं असेल. मोशीच्या सिग्नलला ट्रेलरच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा तिला उतरून पळत सुटावंसं वाटलं. नोकरी, पर्मनंट, सोमवार, सगळं तिने त्या सिग्नलवरच सोडून दिलं. पोरगी धड असू दे, मी घरी बसते, एवढंच ती स्वतःशी म्हणत राहिली.

जिन्याच्या तोंडाशी रहमतबी उभ्याच होत्या. दोघी वर आल्या. दार खरंच आतून लावलेलं. भाग्यश्रीने हात उगारला, पण ठोकून उपयोग नव्हता, म्हणून ती गॅलरीतल्या खिडकीशी गेली आणि काच सरकवून आत डोकावली.

आत टीव्ही बंद होता. गोधडीवर मित्रा उताणी पडली होती, डोळे टक्क उघडे. समोर ज्ञानदेव मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि तिच्याकडे बघत होते. असंतसं बघणं नव्हे. लाडाने बघणारा माणूस हसतो, बोबडं बोलतो, टाळ्या वाजवतो. हे तसलं काही करत नव्हते. डोळ्यात तेल घालून बघणं म्हणतात ते हे. शेजारी गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवलेला, वाटी-चमचा हाताशी.

भाग्यश्रीचा जीव भांड्यात पडला. ती खिडकीतून हात हलवणार, तेवढ्यात मित्राने मान जराशी एका कुशीला वळवली. जिभेचं टोक बाहेर आलं, आत गेलं. मूठ तोंडाकडे निघाली, चुकली, गालावर आपटली, पुन्हा निघाली. बस, एवढंच. तोंडातून हूं का चूं नाही. पण ज्ञानदेव उठले. पोरीला त्यांनी मांडीवर अर्धवट बसतं घेतलं, वाटीत दूध ओतलं आणि चमचा तिच्या खालच्या ओठाला लावून थांबले. ओतलं नाही, थांबले. मित्राने स्वतःच ओठ पुढे केले आणि चुटकन दूध ओढलं. पुन्हा चमचा, पुन्हा थांबणं. ना गटागटा, ना ठसका, ना पाठ ताणणं. भाग्यश्रीने आपल्या लेकीला इतक्या सवडीने दूध पिताना पहिल्यांदा पाहिलं.

थोडं पिऊन झाल्यावर त्यांनी तिला खांद्यावर उभं धरलं. भाग्यश्री थापट्या मारायची. त्यांनी मारल्या नाहीत. पत्रे उचलून रुंद झालेला पंजा त्यांनी पोरीच्या पाठीवर पसरून ठेवला, बोटं जराशी वरखाली फिरवली आणि डोळे मिटले. इतका वेळ क्षणभर न मिटलेले डोळे त्यांनी एवढ्यासाठी मिटले. मग मित्राने ढेकर दिली. खिडकीबाहेरच्या दोघींनी ती कानांनी ऐकली. ज्ञानदेवांना ती ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण त्याच क्षणी त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी समाधानाने मान हलवली. त्यांना ती तळहाताने कळली होती.

मग उरलेलं दूध, मग पुन्हा खांदा, पुन्हा मिटलेले डोळे. आणि शेवटी त्यांनी पोरीला आपल्या हाताच्या लांबीवर पालथं घेतलं, डोकं कोपराच्या खोबणीत, पाय मनगटाच्या दोन्ही बाजूंना, पोट हातावर टेकलेलं, आणि खोलीत सावकाश येरझारा घालायला लागले. मित्राच्या पापण्या जड होत गेल्या. रहमतबी हळूच माशाअल्लाह म्हणाल्या. भाग्यश्रीचे डोळे वाहत होते, आणि आपण ज्या माणसाच्या मध्ये मध्ये बोलण्यावर चिडत होतो त्याच्या पाया पडावं असं तिला त्या गॅलरीत उभ्या उभ्या वाटलं.

वळताना ज्ञानदेवांना खिडकीत उजेड अडलेला दिसला. त्यांनी दोघींना पाहिलं, आणि आधी काय केलं असेल तर ओठांवर बोट ठेवलं. कानांनी ठार असलेला माणूस दोन बायकांना गप्प राहायला सांगत होता. रहमतबींना हसू आवरेना. त्या तोंडाला पदर लावून जिन्याकडे गेल्या.

दार उघडल्यावर भाग्यश्रीने झोपलेली लेक डोळे भरून बघितली, पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं. मग तिने मामांसमोर बसून, ओठ दिसतील असं विचारलं की किती वेळा रडली.

"रडली न्हाई," ज्ञानदेव म्हणाले. पोरगी झोपली म्हणून ते कुजबुजायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांची कुजबुज इतरांच्या बोलण्याएवढी होती.

तिने घड्याळाकडे बोट केलं. फ्रीजमधले डबे जास्त संपले होते. ठरल्या वेळांपेक्षा कितीतरी जास्त वेळा, थोडं थोडं दिलेलं दिसत होतं. मामांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"ती काय कंपनीत लागलीया का?" ते म्हणाले. "तू सुट्टी व्हायची वाट बघतीस. तवर ती रडती. रडून रडून वारं गिळती, आन् त्या वाऱ्यावर तू दूध घालतीस. मग पोट दुखल न्हाई तर काय व्हईल?"

भाग्यश्रीला हे झोंबलं, आणि झोंबलं तरी खरं आहे हे त्याच क्षणी कळलं. आपण पोरीच्या भल्यासाठी लावलेली शिस्तच तिच्या पोटात गॅस होऊन बसत होती. मामा रोज दारातून तेच सांगत होते आणि ती रोज घड्याळ दाखवत होती. तिने विचारलं, तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला इतकं कसं कळतं.

ज्ञानदेवांनी दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. दहाच्या दहा बोटं. प्रेसशॉपमधून सगळी बोटं घेऊन घरी आलेली माणसं फार नसतात. तिथे शेजारच्याची हाक कुणाला ऐकू जात नव्हती, त्यांनी सांगितलं. समोरच्याचं तोंड, त्याचा खांदा, त्याचा हात कुठे निघालाय ते बघूनच काम करायचं, आणि मशीन नीट चाललंय का ते हात लावून ओळखायचं. हाक ऐकू येण्याची वाट बघणाऱ्याचा हात गेला असता. मग ते पोरीकडे बघत म्हणाले,

"मला तिचं रडणं ऐकू येत न्हाई, पोरी. ती रडली म्हंजी मी चुकलो, आन् चुकलो ते मला कळायचं बी न्हाई. म्हणून मी तिला रडण्यापतुर जाऊच देत न्हाई."

भाग्यश्रीला हुंदका आवरला नाही. ज्या कारणासाठी आपण या माणसाला नको म्हटलं, त्याच कारणासाठी तो आपल्या सगळ्यांपेक्षा आपल्या लेकीकडे जास्त बघत होता. बाकीचे सगळे, ती स्वतः, नागसेन, रहमतबी, रडण्याच्या भरवशावर निश्चिंत होते. या एकट्याला तो भरवसा नव्हता. तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तर ते संकोचून पाय मागे घेत म्हणाले की पाया पडायची आपल्यात पद्धत न्हाई, चहा ठेव. चहा पिता पिता तिने त्यांच्याकडून एक मात्र कबूल करून घेतलं, यापुढे कडी लावायची नाही. ते त्यांना मान्य होतं. संध्याकाळी तिने सायलीला फोन करून येते म्हणून सांगितलं. नागसेनने रविवारी घड्याळ उतरवून स्वयंपाकघरात नेऊन लावलं, आणि दारावरची घंटा दाबली की खोलीत दिवा लागेल अशी वायर टाकली.

म्हणून पोर आता कधीच रडत नव्हती असं समजू नका. बाळ ते बाळ. शनिवारी ती एकदा चांगली कडाडून रडली, तीही आजोबांच्याच हातावर, आणि ते तासभर तिला घेऊन फिरले. पण आता ते रडणं घरात कुणाला धडकी भरवत नव्हतं.

सोमवारी भाग्यश्री साडी नेसून, केस बांधून तयार झाली. निघायच्या जरा आधी मित्राने मान वळवली, मूठ तोंडाकडे नेली. भाग्यश्रीने ते पाहिलं आणि बस चुकली तर चुकली म्हणत तिला मांडीवर घेतलं. पोरगी आवाज न करता प्यायली. तिला मामांच्या स्वाधीन करून ती धावतच बाहेर पडली, आणि गॅलरीत राहवेना म्हणून खिडकीशी थांबली. तिने आत बघून हात हलवला. थोडं थांबून पुन्हा हलवला.

ज्ञानदेवांनी मान वर केली नाही. ते गोधडीसमोर मांडी घालून बसले होते, आणि त्यांची नजर पोरीच्या ओठांवरून हलली नाही. भाग्यश्रीला तेच बघायचं होतं. ती जिना उतरून बसकडे निघाली.